पेलाभर पाणी

संशोधन केंद्रात घेवड्याच्या दोन खोल्या होत्या, एक तापवलेली, एक गारठवलेली. दोन्हींत अहोरात्र सारखाच मंद उजेड. सूर्य उगवला की मावळला, हे झाडांना कळायची सोय नव्हती. तरी दोन्हीकडची पानं आपापल्या वेळेला ताठ व्हायची, वेळ झाली की मान टाकायची.

उकाड्यात मुंगीसुद्धा पळत सुटते, मग झाडाच्या आतलं घड्याळ का पळत नाही, असं माळीकाकांनी विचारलं होतं. या खोल्यांत प्रयोग करणारी ताई म्हणाली, उष्णतेनं आतली काही कामं घड्याळाला पुढं ढकलतात, काही तितकंच मागं ओढतात, म्हणून ते पळत नाही. म्हणजे आमच्या संसारासारखंच, काका हसले होते. मी घाई करायचो, म्हातारी हात धरून बसवायची.

पाणी मात्र काकांनी रोज वेगळ्या वेळी द्यायचं. सकाळी डब्यातून जी चिठ्ठी निघेल ती वेळ. नाहीतर झाडं पाण्यावरूनच वेळ ओळखतील आणि सगळी मेहनत मातीमोल होईल.

केंद्रामागच्या खोलीत काका आणि म्हातारी राहत. दुपारी तीनला तिचं औषध, वर पेलाभर पाणी. काका इतके वेळेचे पक्के की तुम्हालाच कुंडीत लावायला हवं, असं सगळे चिडवत. पावसाळ्याच्या शेवटी म्हातारी गेली. तरी तीन वाजले की पाय खोलीकडे वळत, हात पेला भरे, आणि मग आठवे. भरलेला पेला मोरीत ओतायला जीव धजेना. तो घेवड्याला जाई. अर्धा या खोलीत, अर्धा त्या.

एका दुपारी ताईनं पाहिलं.

"काका, आजची चिठ्ठी सकाळची होती ना?"

"सकाळचं दिलं की. हे वरचं."

"रोज देता?"

काकांनी मान डोलावली. ताई तिथंच उपड्या खोक्यावर बसली. झाडं स्वतःची वेळ पाळत होती की काकांची, हे आता देवालाच ठाऊक. सगळी उपटून नवं बी लावावं लागणार होतं. ती रागावली नाही, त्यानंच काकांना जास्त लागलं.

"निदान पुढच्या खेपेला तीनची वेळ तेवढी चुकवा, काका."

काकांनी हातातला रिकामा पेला पालथा धरला.

"तेवढंच जमत नाही गं पोरी," ते म्हणाले. "पाण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी दे."

मग त्यांनीच एकेक रोप उपटून टोपलीत ठेवलं. पानं अजून ताठ होती. टोपली उचलून ते बाहेर पडले. रिकाम्या खोल्यांची दारं ताईनं लावून घेतली.