दादा बोलतोय ना

रोजच्याप्रमाणे सकाळी दहाला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तिघे बसले होते: थोरला भाऊ, पंपदुरुस्ती करणारा धाकटा आणि धाकट्याची बायको. आत त्यांची आई न्यूमोनियामुळे चार दिवस श्वासयंत्रावर होती. काल ताप उतरला होता.

डॉक्टर बाहेर आले. "आज यंत्राचा दाब उतरवून बघू. एक सांगा, याआधी आडवं झोपल्यावर त्यांना दम लागायचा?"

"छे हो," थोरला म्हणाला. "आमची आई ठणठणीत. घरभर फिरायची."

सुनेने मान वर केली. सासूबाईंच्या उशाला सहा महिन्यांपूर्वी दोन उशा आल्या, मग तीन. शेवटचे पंधरा दिवस तर त्या खुर्चीतच झोपत होत्या. "आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं गं," असं सांगून वर हसायच्या, "तुझे सासरे असते तर म्हणाले असते, बरं झालं, पलंग मोकळा झाला." सुनेने दोनदा दवाखान्याचा विषय काढला होता. "म्हातारपणाला औषध नसतं," म्हणून थोरल्याने तो दोन्ही वेळा मिटवला. बाहेरच्यांशी थोरल्याने बोलायचं आणि सुनांनी त्याचा शब्द खोडायचा नाही, ही त्या घराची रीत होती.

"डॉक्टर, त्या..." तिने सुरुवात केली.

धाकट्याने तिचं मनगट दाबलं. "दादा बोलतोय ना."

डॉक्टर घाईत होते. ते आत गेले.

"त्या बसून झोपायच्या. तुम्हीही बघत होतात," ती हळूच म्हणाली.

"आता सांगितलं तर विचारतील, सहा महिने दाखवलं का नाही? दादाची शोभा होईल. आणि डॉक्टरांना काय, समजतं सगळं."

दुपारी दोनला आत धावपळ उडाली. तासाभराने डॉक्टर आले, ते थकलेले दिसत होते.

"नळीतून गुलाबी फेस आला. फुफ्फुसात पाणी भरलं. दाब पुन्हा वाढवलाय, पण मेंदूला बराच वेळ प्राणवायू कमी पडला." ते थांबले. "त्यांचं हृदय आधीपासूनच दुबळं असणार. श्वास सोडल्यावरही यंत्र आत थोडा दाब धरून ठेवतं. त्याने हवेच्या पिशव्या उघड्या राहतात आणि हृदयाकडे परतणारं रक्तही आवरलं जातं. दाब उतरला की ते रक्त लोटतं. दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलवत नाही. मागे तुंबतं आणि पाणी फुफ्फुसात झिरपतं. आधी कळलं असतं तर हृदय तपासलं असतं, औषधाने पाणी काढलं असतं, मग सावकाश दाब उतरवला असता."

धाकट्याचं आयुष्य पाणी आणि दाब यांतच गेलं होतं. त्याला हे समजायला क्षणही लागला नाही. समजलं नसतं तर बरं, असं त्याला वाटलं.

"कुणालाच ठाऊक नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.



"हिला ठाऊक होतं," धाकटा म्हणाला. "मलाही. ही सांगत होती, मी हिचा हात दाबला."

"मीही यांच्याकडे वळून विचारायला हवं होतं," डॉक्टर सुनेकडे बघून म्हणाले.

आई तिसऱ्या दिवशी गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरला सांगे, "वेळ आली होती." आणि प्रत्येक वेळी धाकटा म्हणे, "नव्हती." मग तो उशांपासून मनगटापर्यंत सारं सांगे, स्वतःला कुठेही न वाचवता. चौथ्या पाहुण्याच्या वेळी थोरला उठून आत गेला. सांगून झालं की धाकट्याला थोडं हलकं वाटे, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटे.

त्या संध्याकाळी भांडी पुसताना बायको म्हणाली, "लोकांना सांगताय ते चांगलंच आहे. पण मघाशी आपली मुलगी भाऊजींना काही सांगत होती. तुम्ही तिला म्हणालात, मोठी माणसं बोलतायत."

"मी म्हणालो?"

"तुम्हीच."

त्याला आठवेना. तो बाहेरच्या खोलीत गेला. नऊ वर्षांची मुलगी वहीला कव्हर घालत होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मघाशी काकांना काय सांगत होतीस, बाळा?"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या बंद दाराकडे.

"काही नाही," ती म्हणाली.