उतरवलेला प्रवासी

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सुलेखाची बॅग पट्ट्यावरून आत गेली, आणि तिच्या जागी बाबा स्वतःच वजनाच्या पट्ट्यावर चढून उभे राहिले. ताठ, हात बाजूला, शाळेतल्या कवायतीसारखे. काउंटरवरची मुलगी हसली. "अंकल, नो नीड लाह!" लाजण्यासारखं काय होतं त्यात? पण सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुलेखाचे वडील पद्माकरराव तरुणपणी सांताक्रूझला डाकोटा विमानांत प्रवासी चढवायचे. तेव्हा सामानाबरोबर माणसंही तोलली जायची. शेटजी असोत की कलेक्टरीणबाई, काट्यावर उभं राहावंच लागे. मग कानांत कापूस, तोंडात लिमलेटची गोळी, आणि नागपूर येईपर्यंत पोटातलं सगळं ढवळून निघायचं. विमान इतकं खालून जाई की शेतातले बैलसुद्धा दिसत. सुलेखाच्या बेडोकमधल्या फ्लॅटमध्ये ऐकायला कुणी नसलं, तर बाबा हे भिंतीला सांगत. जेवलो की नाही, एवढं मात्र त्यांना आठवत नसे.

गेल्या महिन्यात, २०१४च्या ऐन मे महिन्यात, विमान सुटेल म्हणून ते गॅस चालू ठेवूनच घराबाहेर पडले. संध्याकाळी पोलिसांनी त्यांना थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या सेम्बावांगहून आणून सोडलं. सुलेखा आणि तिचा नवरा नरेश, दोघंही दिवसभर ऑफिसात. पुण्याच्या श्रीनिवासदादाने तर केव्हाच हात वर केले होते. शेवटी पुण्यातल्याच एका वृद्धाश्रमात जागा ठरली. "चार दिवस पुण्याला जाऊन येऊ," एवढंच सुलेखाने बाबांना सांगितलं. खरं सांगायची तिची छातीच झाली नाही.

"बाबा, उतरा ना. आता माणसांचं वजन करत नाहीत."

"वजन जास्त भरलं की एखाद्याला उतरवावं लागे," बाबा सावकाश खाली उतरत म्हणाले. "ते काम माझ्याकडे. मी बाजूला घेऊन तोंडावर सांगायचो. शिव्या खायचो, पण सांगायचो."

सुलेखाने त्यांचा दंड धरला होता, तो तिला सोडवेना.

"बाबा, तुम्ही परत येणार नाही आहात," ती म्हणाली. "मी तुम्हाला तिथे आश्रमात ठेवणार आहे. मी एकटीच परत येणार." बोलता बोलता तिचा बांध फुटला. आता त्यांनी रागवावं, हात झिडकारावा, असं तिला फार वाटलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. त्यांनी तिला हलकेच रांगेच्या बाजूला घेतलं.

"रडू नका, बाई," ते अदबीने म्हणाले. "आज जागा नाही. पुढच्या विमानाने तुम्हाला नक्की पाठवतो."