भेगेच्या ओव्या

ढवळटेकडीच्या माथ्यावर सोनाजी माती ठोकायचा धुम्मस आपटत होता आणि त्याची बायको भागूबाई पायथ्याहून मातीचं टोपलं घेऊन चढत होती.

टेकडीच्या पायथ्याला फार जुन्या गावाची पांढरी. कोण्या काळी तिथं घरं होती, चुली होत्या, माणसं नांदत होती. आता राखेसारखी मऊ, फिकट माती उरली, आणि तिच्यात खापरं, भाजक्या विटांचे तुकडे, कधी एखादा मणी. साखरा गावाच्या आसपासच्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच माती नेऊन घराच्या धाब्यावर, सपाट छपरावर, अंथरली. पांढरी माती ठोकून बसवली की पावसाचा थेंब आत येत नाही, हे तिथल्या लेकरालाही ठाऊक.

पांढरीच्या वर, टेकडीच्या कुशीत, लेणं. काळ्या दगडात कोरलेला बुटका स्तूप, दोन खोल्या, पुढं अंगण. चार वर्षांपूर्वी सरकारी लोकांनी तारेचं कुंपण घातलं, झाडं लावली, फाटकावर ‘वारसा वनोद्यान’ अशी पाटी ठोकली. गावं त्याला बगीचा म्हणू लागली. सोनाजी बगीच्याचा राखणदार झाला. पहिल्याच साली त्याला लेण्याच्या बरोबर वर, माथ्यावर, विळ्यासारखी वाकडी भेग दिसली. त्यानं घराच्या धाब्याचं करतात तेच केलं. पांढरी आणली, भेगेत भरली, ठोकली, वरून ओल्या मातीचा पोतारा दिला. भेग दिसेनाशी झाली.

दरसाल आश्विन पौर्णिमेच्या तोंडावर हे काम असे. पौर्णिमेला वर्षावास संपतो. तीन महिने घरोघर चाललेल्या धम्मग्रंथाच्या वाचनाचं शेवटचं पान लेण्याच्या अंगणात वाचतात, दीड-दोनशे माणूस जमतं. यंदा ते पान भागूबाई वाचणार होती. पन्नाशीला येऊन अक्षर शिकली होती. ते पान तिनं इतक्यांदा घोकलं होतं की कागदाच्या घड्या फाटल्या होत्या.

टोपल्यागणिक एक ओवी, अशी तिची रीत. ओझं हलकं होतं आणि मोजही चुकत नाही.

पहिलं गं टोपलं, पांढरीच्या मातीचं
राखण कर माये, लेण्याच्या भिंतीचं

पहिल्या साली सात ओव्यांत भेग काठोकाठ भरली होती. सातवी ओवी तिला अजून आठवे.

सातवं गं टोपलं, भेग आली काठाला
नीज डोंगरबापा, हात फिरवते पाठीला

यंदा सात झाल्या. सतरा झाल्या. तिसाव्या टोपल्यानंतर सोनाजीनं धुम्मस खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. माती ओतली की आधी सर्र आवाज यायचा, मग काहीच नाही. भागूबाईच्या गळ्यातली गाणी सरत आली. शेवटची तिनं जागेवरच जोडली.

एक्केचाळिसावं टोपलं, गेलं गं किती खोल
वर न्हाई आला, मातीचा माझ्या बोल

गाऊन झाल्यावर तिनं टोपलं खाली ठेवलं.

“करुणाचे बाप,” ती म्हणाली, “हे भरत न्हाई.”

“भरंल. परवा लोक येऊन राहिले. साहेब येतील. उघडी भेग बघून म्हणतील, राखणदार झोपला होता का?”

“पण माती चालली कुठं?”

सोनाजीनं खाली जाऊन तुरीच्या वाळल्या काटक्यांचा, तुराट्यांचा भारा आणला, भेगेवर आडव्या तुराट्या टाकल्या, त्यांवर मातीचा थर दिला, पाणी शिंपडून हात फिरवला. अंधाऱ्या भेगेवर त्यानं धाबं घातलं. पावसानं आठवडाभर उघडीप दिली होती. लख्ख उन्हात पोतारा वाळत गेला, पांढरा, गुळगुळीत, जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पौर्णिमेआधी एकदा बघून जावं म्हणून, निलम आली. टेकडीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या बंजारा तांड्याची, प्रेमदासची लेक. हिंगोलीत राहून टेकड्यांचे, जमिनींचे नकाशे करायची. चैत्रात तिनंच या टेकडीचा नकाशा केला होता.

“आली का दगडाची डाक्टरीण?” सोनाजीनं फाटक उघडत विचारलं.

“दगड आजारी असला तर यावंच लागतं, सोनाजीमामा.”

“आमचा दगड ठणठणीत हाय. तुमीच चैत्रात लिहून गेल्या न्हाई का?”

ती हसली. हसू अंगणातल्या पाण्याच्या टाक्यापाशी मावळलं. दगडात खोदलेल्या त्या टाक्यातलं पाणी लाल झालं होतं. लेण्याच्या कपाळावरून, काळ्या दगडाच्या सांध्यातून, एक बारीक लाल धार उतरत होती. स्तूपावरही तिचे थेंब पडले होते, वाळून काळपट झाले होते.

“हे कधीपासून?”

“आठ दिस झाले,” भागूबाई म्हणाली. “रोज पुसते मी. रोज येतं.”

“पाऊस थांबल्यावर सुरू झालं?”

“व्हय. तेच तर नवल.”

निलमनं धारेखाली बोट धरलं, चोळलं. गेरू. साबणासारखा बुळबुळीत. “मावशी, खाली हा काळा पाषाण, वर पुन्हा काळा पाषाण, आणि मधी हा गेरूचा पट्टा. कोरडा असला तर वरचं ओझं झेलतो. भिजला की शेवाळलेली पायरी. वरचं पाणी इतके दिवस झिरपत झिरपत आता त्याच्यापाशी पोचलं. पण एवढं पाणी आत शिरलं कुठून? वर तर भेग नाही.”

सोनाजीनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं लाल पाण्याकडं.

“चला, वर बघते,” निलम म्हणाली.

“वर काय हाय? ऊन हाय नुसतं.”

ती निघालीसुद्धा. माथ्यावर कुंपणाचे चार खांब दरीकडं झुकले होते. चैत्रात ते सरळ होते. ती खांबांकडं बघत चालत राहिली, आणि सोनाजी मागून ओरडला, “बाई, तिकडून नका! निलमबाई!”

तुराट्या कडाकडा मोडल्या. निलम कमरेपर्यंत आत गेली. दोन्ही हात काठावर पसरलेले, पाय अधांतरी. पायाखालून थंड वारा येत होता, तळघरातून यावा तसा. सोनाजीनं पोटावर पडून तिचे दंड धरले, भागूबाईनं नवऱ्याचे पाय. कसंबसं तिला ओढून काढलं. मोडलेल्या तुराट्या खाली पडत राहिल्या. त्यांचा तळाला पोचल्याचा आवाज तिघांनीही वाट पाहून ऐकला.



“चैत्रात पण हे असंच लिंपलेलं होतं?” निलमनं विचारलं.

“तुराट्या नव्हत्या. माती होती. भरीव.”

“मामा, मी हिच्यावर उभी राहून लिहिलं, जमीन धड आहे म्हणून.” निलम म्हणाली. “माझ्या कागदावर भरवसा ठेवून साहेबांनी अंगणात माणसं बसवायला परवानगी दिली.”

“मी वाईट काय केलं? भेगेत पाणी गेलं तर घर बसतं. आमी धाब्याला करतो तेच केलं.”

“पाणी अडवायचं, हे बराबर होतं. पण माती कुठून आणली?”

“खालून. पांढरीतून.”

निलमनं डोळे मिटले. “बसलेल्या माणसाच्या बुडाखालचा पाट काढून त्याच्या डोक्यावर ठेवावा, तसं झालं. पायथा टेकडीला तोलून धरतो, मामा. तो गावानं पोखरला, आणि तुम्ही त्याचं ओझं माथ्यावर चढवलं.”

सोनाजीनं हाताला लागलेल्या पांढरीकडं पाहिलं.

“भेग दरसाल किती वाढली ते कळलं असतं तर,” निलम स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “कोणी मोजलंय थोडंच.”

“मोजलंय की,” भागूबाई म्हणाली.

तिनं बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवून सांगितलं. पहिल्या साली सात टोपली. दुसऱ्या साली अकरा. तिसऱ्या साली एकोणीस. यंदा एक्केचाळीस, आणि भरली नाही. कोणत्या साली कोणत्या टोपल्याला कोणती ओवी म्हटली, तेही तिला सांगता येत होतं. निलम लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिनं आकडे पुन्हा वाचले, खालच्या अंगणाकडं पाहिलं. तिथं मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या.

“मावशी, उद्या इथं कोणीही बसायचं नाही.”

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. पलीकडून सांगितलं गेलं, तुमच्याच नकाशात तो भाग सुरक्षित दाखवलाय. सुट्ट्या संपल्या की नवा अहवाल द्या, मग बघू.

पौर्णिमेची सकाळ स्वच्छ उजाडली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, टेम्पोतून उतरणारी लेकरं, “जयभीम, जयभीम” चालू झालं. सोनाजीनं फाटकाला कुलूप घातलं होतं आणि तो कुलपाला पाठ लावून उभा होता. वाचनाचं सगळं बघणारा संतराम पुढं आला. निवृत्त मास्तर, बोलणं धारदार.

“सोन्या, किल्ली.”

“आज न्हाई, दादा. टेकडी हालून राहिली.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते,” निलम पुढं झाली. तिनं गेरू, पाणी, भेग, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण तोंडं घट्ट होत गेली.

“तू तांड्याची ना?” गर्दीतून कोणी बोललं. “आमचं लेणं बंद करून तुमाला काय मिळतं गं?”

“चैत्रात म्हणे ठीक, आता म्हणे पडतं,” संतराम म्हणाला. “बाई, डोंगर सहा महिन्यांत म्हातारा होतो व्हय? पाऊस पडला तवा न्हाई पडला, आता उन्हात पडंल?”

लोक हसले. सोनाजीनं मान वर केली. “भेग मी झाकली, दादा. चार वर्सं. तुमाला कळू दिलं न्हाई. नोकरी जाईल म्हणून.”

“म्हणजे राखणदार खोटा, नकाशा खोटा. मग आज तुमी दोघं खरं कशावरून?”

संतरामनं हात पुढं केला. सोनाजीची मूठ किल्लीवर सैल होऊ लागली. भागूबाईला ते दिसलं. तिच्या कमरेला शेवटचं पान खोचलेलं होतं. हे पान आज अंगणात वाचलं नाही तर पुन्हा तिच्या वाट्याला येईल न येईल. तिनं पदर सावरला आणि बोलायच्या जागी गळा उघडला.

पहिल्या सालाला, सातांत पोट धालं
दुसऱ्या सालाला, अकरा खाऊन निजलं
तिसऱ्या सालाला, एकोणीस गिळून बसलं
औंदाच्या सालाला, एक्केचाळीस, तोंड वासलं

आधी कोणी “बाई, ही गाण्याची येळ हाय का” म्हणालं. मग बायकांतून एक म्हातारी पुढं झाली, धुरपताबाई. तिनं जन्मभर पांढरी वाहिली होती. धाब्याच्या एका चिरेला किती माती लागते, ते तिच्या मानेला ठाऊक होतं.

“एक्केचाळीस टोपली? एका भेगंला?”

“व्हय, आत्या.”

“अन् भरली न्हाई?”

“आवाज पण वर आला न्हाई.”

धुरपताबाईनं टेकडीकडं पाहिलं. मग हातातली चटई परत गुंडाळली. “संतराम, तू पुस्तकं वाहिली. आमी माती वाहिली. माझं लेकरू मी त्या अंगणात बसवत न्हाई.”

ती वळली. तिच्यामागं बायका वळल्या. बायकांमागं लेकरं, आणि मग मांडवाच्या बल्ल्या उचलत पुरुष. संतराम एकटा फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिला, मग तोही आला.

निलमच्या आईनं, रुख्मिणीबाईनं, तांड्याचं मैदान झाडून दिलं. ओढ्याच्या काठी, कडुलिंबाच्या सावलीत, सगळे बसले. ओढा अजून भरून वाहत होता. वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता. दुपार कलली तेव्हा भागूबाई उभी राहिली. पान उघडलं. पहिली ओळ वाचली, अडखळली, पुन्हा वाचली.

तेव्हा जमिनीतून आवाज आला. रिकामं जातं कोणी फिरवावं तसा, घरघर, दाणा नसलेला. सगळ्यांनी माना वळवल्या. टेकडीचा माथा आधी नुसता सरकला, झाडं उभीच्या उभी खाली चालू लागली. मग सगळं एकदम बसलं. लेणं दिसेनासं झालं. तांबडी धूळ उठली आणि तिच्यात पांढरीची राखी धूळ मिसळली, हजारो वर्षांच्या चुली एकदम फुंकल्यासारखी.

कोणी रडलं, कोणी हात जोडले. आया लेकरांना चाचपू लागल्या. संतराम भागूबाईच्या पायांकडं वाकायला लागला तशी ती मागं सरली. “दादा, असं नका.” सोनाजी धुळीकडं तोंड करून उभा होता.

“सगळे हायेत,” धुरपताबाई म्हणाली. “एक बी कमी न्हाई. वाच गं, तुझं पान वाच.”

भागूबाईनं पान पुन्हा डोळ्यांपुढं धरलं आणि वाचू लागली. शब्द स्वच्छ येत होते, शेवटच्या माणसापर्यंत पोचत होते. चार ओळी झाल्या आणि तिच्या ध्यानात आलं, आता आवाज चढवावा लागत नाही.

ती थांबली. ओढा गप्प होता.

तांड्याची पोरं काठावर धावली होती. “पाणी गेलं! मासोळ्या बघा, मासोळ्या!” ओल्या वाळूत रुपेरी मासे तडफडत होते. दोन लेकरं पात्रात उतरलीसुद्धा.

निलमनं वर पाहिलं. वरच्या अंगाला टेकडीची माती ओढ्याच्या पात्रात आडवी पडली होती, आणि तिच्या मागं पाणी जमत होतं. किती, ते इथून दिसत नव्हतं. ती मातीही भुसभुशीत, कोणी न ठोकलेली, पाण्याच्या एका रेट्यानं फुटणारी.

तिचं तोंड पाहून भागूबाईला सांगायची गरज उरली नाही. “लेकरं बाहेर काढा!” ती ओरडली. “उठा! सगळे उठा! रस्त्याला लागा, वर, रस्त्याला!”

रुख्मिणीबाईनं दावणीच्या शेळ्या सोडल्या. सोनाजीनं पात्रात उडी घेतली, दोन्ही काखांत एकेक लेकरू घेऊन चढू लागला. पांढऱ्या कपड्यांची आणि तांड्याची माणसं एकाच पाऊलवाटेनं चढत होती, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, भांडी टाकून. सगळ्यांत मागं संतराम घराघरात डोकावून हाका मारत होता. आणि वरच्या अंगाला, धुळीच्या पलीकडं, पाणी आवाज न करता चढत होतं.