बिनचिठ्ठीची माणसं

फिटरने शिक्का शाईत दाबला आणि पुढच्या चिठ्ठीवर असा आपटला की टेबलावरची पाण्याची बाटली आडवी झाली. बाटली कोणी उचलली नाही. चर्चच्या मंडळीच्या कार्यालयात तिघेच होते: तो, तरुण पाळक आणि आयुष्यभर फायली हलवून निवृत्त झालेला कारकून. फिटर आणि कारकून, दोघेही मंडळीचे पंच.

तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजाशी जाऊन भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आधीच्या शुक्रवारी पंच एकेका सभासदाच्या नावाची चिठ्ठी तयार करत आणि शनिवारी घरोघर विचारपूस करून ती हातात देत. रविवारी दारात चिठ्ठी दाखवली की मेजाशी जाता येई. ज्याची निघाली नाही त्याने मागच्या बाकावर बसायचे आणि भाकरीची ताटली तशीच पुढे सरकवायची. इतर मंडळ्यांनी ही शिस्त केव्हाच गुंडाळून ठेवली होती. या मंडळीला तिचा अभिमान होता, आणि सगळ्यांत जास्त फिटरला.

आज गठ्ठ्यात त्याच्या मुलीची चिठ्ठी नव्हती. जावयाची होती. जावई गायनवृंदात पहिल्या रांगेत उभा राहून गात असे. त्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्या बाया डोळे पुसत. सहा आठवड्यांपूर्वी मुलगी डावा हात गळ्यात बांधून माहेरी आली होती आणि गेल्या सोमवारी तिने कोर्टात नवऱ्याविरुद्ध अर्ज दिला होता.

"त्याची निघते आणि तिची नाही," फिटर म्हणाला. "हा कुठला न्याय, पाळकसाहेब?"

"काका, तो म्हणतो ती जिन्यावरून पडली."

"आणि तुम्ही ऐकून घेता."

"त्याच्यावरचा आरोप अजून तपासायचाय. तिने घर सोडलं, हे मात्र सगळ्यांना दिसतंय."

"लग्न हा देवासमोरचा करार आहे. मी तो कधी हलका मानला नाही, आजही मानत नाही." फिटरचा आवाज चढला. "पण मोडला कोणी? दार उघडून बाहेर पडली तिनं, की हात मोडला त्यानं?"

बोलला कारकून. बोलला म्हणजे काय, नियमांची वही उघडून त्याने ती फिटरकडे फिरवली.

"चौदावा. वाचा. अक्षर कोणाचं आहे तेही बघा."

पंचांच्या परवानगीशिवाय जो किंवा जी जोडीदाराचे घर सोडील, त्याला किंवा तिला परत नांदायला जाईपर्यंत चिठ्ठी मिळणार नाही. अक्षर फिटरचेच होते, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेले. अकरा वर्षांपूर्वी मंडळीतली टेलरबाई दारुड्या नवऱ्याला सोडून वेगळी राहायला लागली तेव्हा त्याने तासभर बोलून हा नियम करून घेतला होता. एकीला सूट दिली की उद्या कोणाचंच लग्न टिकणार नाही, असे तो म्हणाला होता. टेलरबाईच्या दारात जाऊन चिठ्ठी नाही हे सांगायलाही तोच गेला होता. त्यानंतर या नियमात कोणी 'जो' सापडला नाही. सापडल्या त्या सगळ्या 'जी'.

पकडला गेल्यामुळे तो आणखी भडकला.

"मग बदला नियम."

"अकरा वर्षं होता तेव्हा बरा होता," कारकून म्हणाला.

पाळकाने ड्रॉवरमधून एक कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर मुलीचे नाव लिहिले आणि पुढे सरकवली. "घ्या काका. शिक्का मारा. वहीत नोंद करत नाही. तुमच्याकडे बघून देतोय."

फिटरने शिक्का मारला. घरी जाताना त्याला आपण जिंकल्यासारखे वाटत होते.

मुलगी स्वयंपाकघरात एका हाताने वाटाणे सोलत होती. त्याने चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. तिने ती बघितली, पण उचलली नाही.

"कशी मिळाली?"

"भांडलो."

"टेलरबाईंची आणलीत?"

"तिचा इथे काय संबंध? तिचं प्रकरण वेगळं होतं."

"काय वेगळं होतं, बाबा?"

नवऱ्याने टेलरबाईच्या कानशिलावर लाटणे मारले होते. त्या कानाने तिला अजूनही कमी ऐकू येते, आणि हे सगळ्या मंडळीला ठाऊक होते.

"तिच्यासाठी भांडायला बाप नव्हता, एवढंच," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हते, राग होता. "मला मेजाशी जायचंय. सहा आठवडे देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही मी. पण अशी चोरून मिळालेली नको. त्यांची येईल त्या दिवशी माझी द्या."

"तुला तिचा एवढा काय पुळका?"

"त्यांनाच विचारा."

तिने वाटाण्यांचे भांडे उचलले आणि त्याच्याकडे पाठ केली.

शनिवारी सकाळी फिटरने कार्यालयातून एक चिठ्ठी घेतली, कोणाला न विचारता. त्याने तिच्यावर टेलरबाईचे नाव लिहिले आणि शिक्का मारला. चुकीची कबुली द्यायची म्हणजे कशी, हे त्याने वाटेत दोन-तीनदा मनात म्हणून बघितले. प्रत्येक वेळी शेवटी टेलरबाईचे डोळे भरून येत आणि ती आभार मानी.

दुकान म्हणजे एक खोली आणि तिच्यामागे पडद्याआड आणखी एक. टेलरबाई शाळेच्या गणवेशांच्या दुमडी घालत होती. त्याने चिठ्ठी मशीनच्या फळीवर ठेवली. तिने चष्म्यातून वाचली.

"पंचांनी दिली?"

"मी दिली."

"म्हणजे उद्या दारातून मला परत पाठवतील, आणि तुम्हाला दिल्याचं समाधान."

"उद्या दारात मीच उभा आहे."

तिने कापड फिरवले आणि दुमड पुरी केली.

"चुकलं माझं," फिटर म्हणाला. ते इतके घुश्शात बाहेर पडले की जणू चूक तिचीच होती.

"हो," ती म्हणाली. "चुकलं."

एवढेच. डोळेही भरले नाहीत. त्याला तिचाही राग आला.

"मुलगी म्हणते, तुमच्याशिवाय घेणार नाही. एवढी ओळख कधी झाली?"

मशीन थांबले. टेलरबाईने चांगला कान त्याच्याकडे वळवला. "काय म्हणालात?"

त्याने पुन्हा विचारले.

"सांगितलं नाही तिने?" टेलरबाईने चष्मा काढला. "चार वर्षांत तीनदा आली होती. मागच्या खोलीत राहायची. दोन दिवस, चार दिवस, एकदा आठवडाभर. तुम्हाला वाटायचं नवऱ्याबरोबर गावाला गेलीय."

"माझं घर जवळ होतं," फिटर म्हणाला.

"तुमच्या दारावरूनच यावं लागतं इकडे."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती पुढे बोलली, सावकाश, हिशेब देणाऱ्यासारखी नाही, सांगायचे राहून गेलेले सांगणाऱ्यासारखी.

"मी दर वेळी म्हणायची, बापाकडे जा. ती म्हणायची, बाबा चहा पाजतील, प्रार्थना करतील आणि स्वतः रिक्षाने परत सोडून येतील. या वेळी हात मोडला. दवाखान्यातून मीच तिला तुमच्या फाटकापर्यंत आणलं. म्हटलं, हे बघून तरी परत पाठवणार नाहीत."

फिटरला ओरडायचे होते. पाळकावर, कारकुनावर, त्या गाणाऱ्या जावयावर, कोणावरही. दुकानात त्यांच्यातले कोणीच नव्हते. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर तो बसला.

सोडून आला होता तो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एकदाच. मुलगी काही न सांगता दारात उभी राहिली होती, आणि त्यानेही काही विचारले नव्हते. रिक्षाने नेऊन, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन त्याने तिथेच उंबऱ्यात प्रार्थना केली होती, चांगली लांबलचक. जावई मोठ्याने आमेन म्हणाला होता. मुलगी म्हणाली होती की नाही, हे त्याला आता काही केल्या आठवेना.