घोडा सोडवणारी ऑनर

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या गावात एक लेखक उन्हाळाभर ट्रेमेन बाईंकडे राहून गेले आणि पुढच्या नाताळात त्यांचं पुस्तक आलं. त्यातली ऑनर जळत्या तबेल्यात शिरून घोडा सोडवते. देशभरातली मुलं तिच्यावर जीव टाकू लागली. नाव ट्रेमेन बाईंच्या थोरल्या मुलीचं होतं, पण आगीत शिरली होती धाकटी टॅमसिन. लेखकाला ऑनर हे नाव जास्त आवडलं, एवढंच. भेटायला येणाऱ्यांना ऑनरने मात्र खरं कधी सांगितलं नाही.

एका दुपारी लंडनहून म्यूरिएल नावाची लहान मुलगी आईबरोबर तिला बघायला आली.

"तुला भीती नाही वाटली?" तिने विचारलं.

"छे, अजिबात नाही," ऑनर म्हणाली.

म्यूरिएलचा चेहरा पडला. "मला तर अंधाराचीसुद्धा वाटते."

तेवढ्यात टॅमसिन चहा घेऊन आली. तिच्या मनगटावरचा डाग बघून म्यूरिएल म्हणाली, "हे कशानं भाजलं?"

टॅमसिनने बहिणीकडे पाहिलं. "काही नाही गं, किटली कलंडली."

ऑनरच्या कानशिलांची आग झाली. "माझी लाज राखायला खोटं बोलतेय ती," ती कशीबशी म्हणाली. "घोडा हिनंच सोडवला. मी कुंपणापाशी उभी होते."

म्यूरिएल टॅमसिनजवळ सरकली. "मग तुला वाटली भीती?"

"वाटली तर. भोकाड पसरूनच आत गेले होते."

म्यूरिएल खुदकन हसली. ऑनर उठून चहा ओतू लागली. कप भरून तो बशीत सांडला, तरी मान वर करून कुणाकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही.