चढावर अडकलेली कार्ट

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती आणि न्यूझीलंडमधला वसंतातला बेभरवशाचा वारा सुटला होता. पामर्स्टन नॉर्थ शहर संपून मेंढ्यांची कुरणं सुरू होतात तिथे, एका टेकाडावर मृदुलाचं घर होतं. मृदुला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, तिचा नवरा नितीश फार्मसिस्ट. टेकाडाच्या पायथ्याशी, फाटकाजवळ, दोन खोल्यांचं आणखी एक घर होतं. तिथे मृदुलाचे आईवडील राहायचे, विमल आणि हरीशराव. दोन घरांच्या मध्ये खडीचा लांब चढ.

आदल्या वर्षी हरीशरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. 'हो', 'नाही' आणि 'विमल' एवढंच काय ते बोलणं उरलं. सारा जन्म कारखान्यात क्रेनच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस. जेवायला बसला की भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही, पण कुठली मोटार का जळली ते सगळं सांगायचा. विमल पोळ्या वाढता वाढता 'हं, हं' करायची. आता ताटावर शांतता असायची आणि तिला जेवण जायचं नाही.

चाकांची खुर्ची खडीवर चालेना, म्हणून नितीशने एका गोल्फ क्लबाकडून वापरलेली विजेवरची कार्ट आणली. विमल सत्तरीला टेकलेली, जन्मात सायकलवर न बसलेली. पण ती कार्ट चालवायला शिकली. दुपारी हरीशरावांना शेजारी बसवून वर लेकीकडे न्यायचं, दिवे लागायच्या आत खाली आणायचं. त्या कार्टवर तिची सगळी भिस्त होती, कारण मृदुलाने बाबांना रेस्ट होममध्ये ठेवायचा विषय काढला होता.

"आई, तुला झेपत नाहीये. तिथे रात्रंदिवस नर्सेस असतात."

"मला काय धाड भरलीय? मी आहे तोवर हे कुठेही जायचे नाहीत."

"तू स्वतःचं वजन बघितलंयस का?"

"तू डॉक्टर आहेस, तू बघ."

शेवटी मायलेकींमध्ये ठरलं, की गुरुवारी एक बाई येणार आहेत, म्हाताऱ्या माणसांचं घरी कसं चालतं ते पाहणाऱ्या. त्या म्हणतील तसं करायचं. विमलने मनात पक्कं केलं होतं: बाईंना कार्टमध्ये बसवून वर नेऊन आणायचं, म्हणजे त्यांचं तोंडच बंद.

आणि बुधवारी दुपारी, ऐन चढाच्या मध्यावर, कार्ट थांबली.

तिने पेडल दाबलं. मोटार घुं घुं करायला लागली, पण चाकं जागची हलेनात. बॅटरीचा काटा भरलेला दाखवत होता. तिने पुन्हा दाबलं.

"नाही," हरीशराव म्हणाले. तिने पाय काढला.

वरून नितीश उतरून आला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, पण चेहऱ्यावर ती दिसत नव्हती. त्याने मागचं झाकण उचलून आत पाहिलं, एक चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"ब्रेक जॅम झालाय, आई. गंज धरला असणार. थोडं ऑइल मारतो, सुटेल."

"नाही, नाही," हरीशराव म्हणाले. डावा हात त्यांनी बाकावर आपटला.

"बाबा, नुसता स्प्रे मारतोय."

"अरे, ब्रेकला तेल लावतात का?" विमल म्हणाली. "मग तो धरायचाच नाही. उतारावरून थेट मेंढ्यांत जाऊ आम्ही."

नितीशला हसू आलं. "बरं. मग मेकॅनिकला फोन करतो. पण तो पुढच्या आठवड्याशिवाय यायचा नाही हं. इथे सगळं निवांत. आधी खुर्ची घेऊन येतो, बाबांना खाली नेऊ." तो चढ चढून गेला.

विमल तशीच बसून राहिली. पुढच्या आठवड्यात मेकॅनिक, उद्या बाई. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं. हरीशरावांनी तिच्या दंडाला हात लावला. मग त्यांनी जिभेने टाळ्यावर आवाज काढला, टक्, आणि मान हलवली. नाही. पुन्हा टक्. पुन्हा नाही.

थोडा वेळ तिला काही उमगलं नाही. मग आठवलं. रोज पेडल दाबलं की मागून एक टक् असा आवाज यायचा आणि मग कार्ट हलायची. आज तो आला नव्हता.

आणि त्याच्याबरोबर एक फार जुनं जेवणही आठवलं. ठाण्याची खोली, पितळी ताटं, आणि हे सांगताहेत: अगं, क्रेनचा ब्रेक म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलटा. वीज देऊन लावायचा नसतो, वीज देऊन सोडवायचा असतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला आवळून धरते, म्हणून वर टांगलेला माल खाली पडत नाही. आणि ती म्हणाली होती, आमटी गार होतेय.

"अहो, याचाही ब्रेक तसाच आहे का? क्रेनसारखा?"

"हो." त्यांचे डोळे भरून आले.

"मोटार घुमतेय, म्हणजे बॅटरीत वीज आहे. पण ब्रेकपर्यंत पोचत नाहीये."

"हो. हो."

तिने किल्ली फिरवून बंद केली. चाकांमागे दोन धोंडे लावले. मग स्वेटरच्या बाह्या वर करून ती मागे गेली आणि खडीवर आडवी झाली. मोटारीच्या टोकाला चपट्या डब्यासारखा ब्रेक होता. त्यातून दोन वायरी निघून एका प्लगमध्ये गेल्या होत्या. त्या प्लगवर मुंग्यांची रांग लागली होती.

मुंग्या बघून तिचे हात थांबले. दसऱ्याला हरीशरावांनी हट्ट धरला होता, यंत्राची पूजा करायचीच. कारखान्यात खंडेनवमीला दर वर्षी व्हायची. इथे ऑक्टोबरात झेंडू कुठला, म्हणून कोवाय नावाच्या इथल्या झाडाची पिवळी फुलं वाहिली. विमलने नारळ फोडला. पाणी कार्टसमोर शिंपडणार, तर ते 'नाही, नाही' करत मागचं झाकण दाखवायला लागले. मोटारीलाच हवं होतं त्यांना. डॉक्टर मुलगी, फार्मसिस्ट जावई, सगळे हात जोडून उभे राहिले आणि हरीशरावांनी डाव्या हाताने करवंटी मोटारीवर पालथी केली. क्रेनची मोटार ओतीव लोखंडात बंद असते, तिला वाटीभर पाण्याने काही होत नाही. ही क्रेन नव्हती.

"अहो, नारळाचं पाणी गेलंय यात," ती खालून म्हणाली.

वर बाकावर ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले, आणि ते हसणं अर्ध्याच तोंडाचं होतं.

तिने प्लग ओढून काढला. आत हिरवा, चिकट लेप बसला होता. हेअरपिनने तिने तो खरवडला, सीटखालच्या पिशवीतल्या पॉलिशपेपरचा तुकडा दुमडून आत फिरवला, पुसलं, फुंकर घातली, पुन्हा पुसलं. मान आखडली. प्लग बसवून ती कुशीवर सरकत कार्टच्या बाजूला बाहेर आली.

"आता किल्ली फिरवा. डाव्या पायाने पेडल जरासं दाबा. जरासंच."

टक्.

कार्ट वीतभर वर सरकली आणि थांबली.

विमल उठायला गेली. उठता येईना. तिने कोपर टेकून पाहिलं, गुडघा दुमडून पाहिला. गुडघ्यात बळच नव्हतं. हरीशरावांनी बाकावरून वाकून हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता. अजून वाकले असते तर तेच पडले असते.

"राहू द्या. पडाल."

त्यांनी हात मागे घेतला नाही. ती पाठीवर पडून त्या हाताकडे बघत राहिली. रात्री हे पडले तर, एवढाच विचार तिने आजवर केला होता. रात्री आपण पडलो तर, हा केला नव्हता. आपण न्हाणीघरात पडलेल्या असू आणि हे पलंगावरून असाच हात पुढे करून बसलेले असतील, सकाळपर्यंत.

नितीश खुर्ची ढकलत आला. त्याने आधी तिला उचललं.

"आई, लागलं का कुठे?"

"नाही. कार्ट चालायला लागली."

"काय सांगता? मग उद्या बाईंना टेस्ट ड्राइव्ह द्या."

तिने खडी झटकली. "नितीश, मृदुलाला सांग, उद्या बाई आल्या की मी खरं सांगणार आहे. मला झेपत नाही."

नितीशने खुर्चीचा ब्रेक लावला. हरीशराव म्हणाले, "विमल." ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "रोज येईन मी," ती म्हणाली, "पण रात्री नाही होत हो आता." त्यांनी तिच्या पाठीला चिकटलेला एक खडा काढून टाकला. मग म्हणाले, "हो."

हरीशराव त्यानंतर तीन वर्षं रेस्ट होममध्ये होते. विमल रोज दुपारी जायची. आधी मृदुला सोडायची, मग ती एकटी बसने जायला लागली. तिथला पंखा खडखडायचा तेव्हा हरीशराव त्याच्याकडे बोट दाखवून नर्सला बेजार करायचे. एका जुलैत झोपेतच गेले.

कार्ट शेजारच्या कुरणवाल्याने नेली. कोकरांसाठी गवत वाहायला तो ती बरीच वर्षं वापरत होता. मृदुला आणि नितीश पुढे समुद्राकाठच्या पोरिरुआ शहरात राहायला गेले; नितीशने तिथे स्वतःचं दुकान टाकलं, मृदुलाने हॉस्पिटल सोडून क्लिनिकमध्ये काम धरलं, आणि तिचे गुडघेही पन्नाशीतच कुरकुरायला लागले. विमल त्यांच्याकडे आणखी नऊ वर्षं होती. तिला खाडीच्या बाजूची खोली दिली होती. तिथला वारा पामर्स्टनपेक्षा वाईट आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि दुपारी चार वाजेपर्यंत गाढ झोपायची.