वाचकाचा पत्ता

“पत्ता सांगितला तर असं काय आभाळ कोसळणार आहे?” कोर्टाचं ग्रंथालय सांभाळणारे, गटातले ‘कायदेवाले’, म्हणाले. “नवरा आहे तो तिचा. आज ना उद्या शोधून काढेलच.”

“कोसळलं तर तिच्यावर कोसळेल. तुमचं काय जातंय!” नवी उसळली.

ग्रंथपाल संघाच्या चर्चागटात येऊन तिला तीन वर्षं झाली होती, तरी सगळे तिला नवीच म्हणत. तिच्या ग्रंथालयाच्या शाखेत एक बाई पुस्तकं न्यायला यायची. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेली. तिचा नवा पत्ता फक्त सभासदाच्या अर्जावर होता. आठवडाभर नवरा काउंटरवर येऊन तो मागत होता. आधी गोड बोलून, मग मूठ आपटून. म्हणून आज नवीने हा विषय गटापुढे आणला होता.

गट चालवायच्या माई. दहा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, संघाच्या कार्यालयातल्या लांब टेबलाशी. कोणाचं बोलणं कोणाला तोडू द्यायचं नाही आणि स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. आज मात्र सगळ्यांचं बोलून झालं तरी त्या पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या होत्या.

“माई, तुम्हीच सांगा आता,” नवी म्हणाली.

माईंनी बोलायला तोंड उघडलं, तोच दार भिंतीवर आदळलं.

त्या बाईचा नवरा नवीच्या मागोमाग शाखेपासून आला होता. हातात नळ खोलायचा मोठा लोखंडी पाना. कोणाला काही कळायच्या आत त्याने नवीचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. समोरच्या कागदांवर रक्त पसरलं.

“बोल! कुठे लपवलीय तिला?”

“अहो, हे बघा मिस्टर...” कायदेवाले उठले. पाना त्यांच्या खांद्यावर बसला आणि ते जिथल्या तिथे खाली कोसळले. बाकीचे सहाजण कपाटांना पाठ लावून उभे राहिले.

“तिला सोड,” माई म्हणाल्या. “तिला काही माहीत नाही. सगळ्या शाखांचे अर्ज माझ्याकडे असतात.”

हे साफ खोटं होतं. पण त्याने नवीला सोडलं आणि तो माईंकडे वळला. त्यांच्या मागे जुन्या तालिकेचं पोलादी कपाट होतं, पुस्तकांची कार्डं ठेवायचे लहान लहान खण असलेलं. त्याने एक खण ओढला, माईंचा उजवा हात आत दाबला आणि गुडघ्याने खण बंद केला.

माई किंचाळल्या.

“पत्ता!”

“नाही देणार.”

त्याने पुन्हा गुडघा मारला. या वेळी किंचाळायला माईंच्या छातीत श्वासच उरला नव्हता. बोटं मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्यांदा त्याने गुडघा मागे घेतला, तेवढ्यात कायदेवाल्यांनी दुसऱ्या, धड हाताने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. तो धाडकन पालथा पडला.

मग जे झालं, ते त्यांच्यापैकी कोणी कधी स्वप्नातही पाहिलं नसेल. ही सगळी आयुष्यभर ‘शू, हळू बोला’ म्हणत आलेली माणसं. ती त्याच्यावर तुटून पडली. मेडिकल कॉलेजातल्या ग्रंथपालबाई, ज्यांचा आवाज शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जायचा, त्या त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होत्या. कोणीतरी त्याचं तोंड फरशीवर आपटत होतं. कायदेवाले ओरडत होते, “सोडू नका! सोडू नका त्याला!” तो हात जोडायला बघत होता आणि त्याच हातांवर बूट पडत होते. रक्ताने तोंड माखलेल्या नवीने खाली पडलेला पाना दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

“नवी, खाली ठेव ते.”

“हा तिला मारून टाकेल, माई!”

“माहीत आहे मला,” माई म्हणाल्या. “एकीला मी मारलंय.”

लाथा थांबल्या. मोडका हात पोटाशी धरून माई टेबलाला टेकल्या होत्या.

“अकरा वर्षं झाली. ग्रंथालयात फोन आला. अगदी सभ्य आवाज. म्हणाला, ‘आई आजारी आहे, ताईचा पत्ता सापडत नाही. मी तिचा भाऊ.’ मी कार्ड काढून वाचून दाखवला. दोनदा वाचला, त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून. तिसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो. नवऱ्याने दारातच भोसकलं. सतरा वार. पत्ता कोणी दिला, हे कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी हा गट काढला. दर बैठकीला वाटायचं, आज सांगू. तुम्ही सगळे माई-माई करायचात, मग जीभ वळायची नाही.”

खालचा माणूस कण्हत होता.

“मग काय, याला सोडून देऊ?” नवीने विचारलं. पाना अजून वरच होता.

“बांधून ठेवू. पोलिसांना बोलावू. तुझ्या हातून मेला तर ती बाई सुटेल, पण तू जन्मभर अडकशील. हे ओझं कसं असतं, ते मला विचार.”

नवीने पाना खाली ठेवला आणि मग ती हमसून हमसून रडली. बाकीच्यांनी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायच्या सुतळीने त्याचे हातपाय बांधले. फरशी पुसायला मात्र कोणाचा हात उचलेना.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, माईंची तीन बोटं मोडलीत, एक पुन्हा वळणार नाही. नवीचे पुढचे दोन दात गेले होते. कायदेवाले गळ्यात हात अडकवून माईंच्या खाटेशी आले.

“माझं मत बदललंय. इतिवृत्तात तसं लिहा.”

“कोणत्या हाताने लिहू?” माई म्हणाल्या. दोघं हसली आणि कायदेवाले घाईघाईने खिडकीकडे वळून उभे राहिले.

जबाब घ्यायला फौजदार आले. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईंचा पत्ता?”

“आधी नवी तिला विचारेल,” माई म्हणाल्या. “तिची हरकत नसेल, तर ती स्वतःच तुमच्याकडे येईल. आणि अजून एक लिहायचंय, अकरा वर्षांपूर्वीचं.”

माईंनी सांगितलं. फौजदारांनी पेन थांबवलं. “तो नवरा केव्हाच आत गेलाय, बाई. प्रकरण मिटलंय. आता हे कशाला?”

“माझ्याकडून मिटलेलं नाही. लिहा.”

त्यांनी लिहिलं. कागद पुढे सरकवताना त्यांचं लक्ष माईंच्या प्लॅस्टरकडे गेलं आणि ते पिशवीत शाईचा पॅड शोधू लागले.

“डाव्या हाताचा अंगठा चालेल.”

“पेन द्या,” माई म्हणाल्या.

डाव्या हातात पेन नीट बसेना. पहिलं अक्षर ओळीखाली घसरलं, दुसरं उताणं पडलं. माईंनी ओठ आवळून पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. बराच वेळ लागला. फौजदार टोपी काढून उभे राहिले. कोणीही घाई केली नाही.